बसमध्ये सांगितलेलं अर्धं पान

तंजावूर,
६ ऑगस्ट २०२४

प्रिय हरिता,

लागोपाठ चार बुधवार तू आली नाहीस. फोनही उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुला देवनागरी जड जाते, तेव्हा विचार टिपायच्या तुझ्या वहीसारखीच आपली तंजावूरची मराठी तमिळ अक्षरांत लिहिते आहे. शिकायला पाच वर्षं पुण्यात राहिले आणि माझी भाषा पुस्तकी होऊन बसली, त्यावर तू हसायचीस. आत्ताही हसलीस तर बरं वाटेल.

उपचार असा मध्येच सोडू नये. तुझं चांगलं चाललं होतं. मार्चमध्ये महालक्ष्मीवैनी तुला पहिल्यांदा घेऊन आल्या, तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात रजिस्टर उघडलं की छाती धडधडते, हात गार पडतात, एवढंच सांगून तू रडत बसली होतीस. मेपर्यंत तू काळजीला वेळ नेमून द्यायला शिकलीस. दिवसात कधीही काळजी डोकावली की तिला ‘साडेचारला ये, तेव्हा बोलू’ म्हणायचं, आणि साडेचारला वीस मिनिटं मोजून बसायचं. तू एकदा म्हणालीस, ‘अक्का, काळजीस वेळ दिला तर ती येतच नाहीं, सरकारी माणसासारखी.’ ते मी अजून दुसऱ्या पेशंटना सांगते.

अप्पा जेवतात ना? त्यांना कुशीवर वळवताना एकटीने ओढू नकोस, कंबर धरेल. वैनींना हाक मारत जा.

तू पंधरा जुलैला फोनवर जे विचारलंस, त्याचं उत्तर मी त्याच वेळी दिलं आहे. तेच तेच उगाळण्यात अर्थ नाही. ‘कुणी सांगितलं’ हा प्रश्न मनाला दमवतो आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी श्वासाचा व्यायाम चालू ठेव. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर.

चौदा तारखेला, बुधवारी, साडेपाचची वेळ तुझ्यासाठी राखली आहे.

तुझी,
नंदिता

तंजावूर,
२२ ऑगस्ट २०२४

प्रिय हरिता,

आधीचं पत्र फाडून टाक. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असलं ते पत्र होतं. लिहिताना मला ते कळत होतं, तरी लिहिलं आणि वर तिकीट लावून टाकलं.

काल बाजारात महालक्ष्मीवैनी भेटल्या. हातातली पिशवी खाली ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या आणि तुझे भाऊ मुरलीकृष्णअण्णा घर सोडून नव्या बसस्टँडकडे भाड्याने राहायला गेल्याचं मला तेव्हाच कळलं. म्हणजे ‘वैनींना हाक मारत जा’ हे मी तुला लिहिलं, तेव्हा हाकेच्या अंतरावर तुला कुणी उरलंच नव्हतं. कपड्यांना, औषधांना, वळवण्याला तू एकटी, आणि कामाची बाई दोन तास.

वैनी म्हणाल्या, ‘अक्का, हरिताची वही मी उघडली नाहीं. देवाची आण. तिज काय सांगूं, ती ऐकत नाहीं. तुम्ही सांगाल का? तुमचं ती ऐकेल.’

आणि मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, ‘पेशंटबद्दल मी बाहेर बोलू शकत नाही. आमचा नियम आहे.’

सरळ चेहऱ्याने म्हणाले. त्यांनी मान हलवली, मला त्रास दिल्याबद्दल माफी मागितली आणि पिशवी उचलून गेल्या. माफी त्यांनी मागितली, हरिता. मी तिथे वांगी निवडत उभी राहिले आणि एकही न घेता घरी आले.

म्हणून आज एक गोष्ट स्पष्ट लिहिते. वैनींनी तुझी वही वाचली नाही. हे मला नक्की ठाऊक आहे. वहीतली अक्षरं तमिळ आणि भाषा मराठी, दोन्ही समजणारं, दिवसभर घरात वावरणारं त्यांच्याशिवाय कुणी नाही, हा तुझा हिशेब बरोबर आहे. पण वही कुणी वाचलीच नाही.

घरी येऊन मी जे तुम्हा सगळ्यांना करायला लावते, ते स्वतः केलं. अपराधी वाटत असलं की एक वर्तुळ काढायचं आणि झाल्या गोष्टीची जबाबदारी त्यात वाटून द्यायची, म्हणजे सगळा भार आपल्याच डोक्यावर घेण्याची सवय सुटते. मी वर्तुळ काढलं. तुझ्या सरोजाआत्याला चाळीस टक्के दिले, कारण पापनाशमहून येऊन आजारी भावाच्या कानाला लागायची त्यांना काय गरज होती? अप्पांना वीस, त्यांनी तुला एका शब्दाने विचारलं नाही. तुला वीस, न तपासता वैनींवर संशय घेतलास. योगायोगाला दहा.

उरलेले दहा माझे. इतकी छान वाटणी केल्यावर मन हलकं व्हायला हवं होतं. मी तो कागद चुरगळून टाकला.

या वर्तुळात माझं नाव कशाला, असं तू विचारशील. ते लिहायला आज हात रेटत नाही.

नंदिता

तंजावूर,
४ सप्टेंबर २०२४

हरिता,

मी सांगितलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच.

आता सगळं क्रमाने लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा काहीतरी सजवून लिहीन.

एकोणीस जूनला तू वहीतलं ते पान मला वाचून दाखवलंस. तीन महिने तू ‘थकवा येतो’, ‘चिडचिड होते’ असंच लिहीत होतीस. त्या दिवशी ‘मनात काय आलं’ या रकान्यात तू लिहून आणलं होतंस, ‘अप्पा मेले तर बरं.’ वर्षानुवर्षं एकहाती आजारपण काढणाऱ्या किती माणसांच्या मनात हे येतं, हे मी तुला सांगितलं. ते खरंच होतं. तू घोटभर पाणी प्यायलीस आणि हलकी होऊन गेलीस. मला माझाच अभिमान वाटला.

शनिवारी मी कुंभकोणमच्या बसमध्ये होते. पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला. ती याच कामात आहे, तिच्यापुढे मिरवायची मला जुनी खोड. आणि आपल्या लोकांची दुसरी खोड तर तुला ठाऊकच आहे. दुकानात भाव करायचा असो, डॉक्टरसमोर दुखणं लपवायचं असो की शेजारणीची उणीदुणी काढायची असोत, आपण खुशाल मराठीत बोलतो. चारी बाजूंना तमिळ माणसं, म्हणजे आपण जणू दार लावून बसलोय. लहानपणापासूनची सवय. भर बसमध्ये मी तशीच, चांगल्या खणखणीत आवाजात बोलत होते.

तुझं नाव मी घेतलं नाही. पण राजवाड्यामागची गल्ली म्हणाले. वडील शाळेत संगीत शिकवायचे, दोन वर्षं अर्धांगाने पडून आहेत, मुलगी कॉलेजच्या ऑफिसात, लग्न केलं नाही, असं सगळं म्हणाले. तंजावुरात आपली घरं ती किती! एवढं सांगितल्यावर नाव सांगायचं राहिलंच काय? आणि मग तिने वहीत लिहिलेलं ते वाक्य सांगितलं. मैत्रीण ‘बाप रे’ म्हणाली. ते ऐकायला मला आवडलं, हेही लिहून ठेवते.

पापनाशमला बस थांबली. माझ्या पुढच्या बाकावरच्या वयस्क बाई उठल्या. मी पाय आखडले नव्हते. त्या वळून म्हणाल्या, ‘बाई, थोडकी वाट द्या.’ आपल्या मराठीत.

मी वाट दिली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि उतरल्या. त्या कोण, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण त्यांनी सगळं ऐकलंय, हे समजायला काही शिक्षण लागत नाही. मी उतरून त्यांच्या मागे जाऊ शकले असते. त्याच संध्याकाळी तुला फोन करू शकले असते. त्यानंतर तू दोन बुधवार आलीस, माझ्यासमोर बसलीस, अक्का अक्का म्हणत बोललीस. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, पापनाशमची कुणी बाई, तिला काय माहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग पंधरा जुलैचा तुझा फोन. सरोजाआत्या येऊन गेल्यापासून अप्पा तुझ्या हातचा घास घेत नाहीत, चमचा नेला की ओठ मिटतात, ‘तूं लिहिलंस तें मज समजलं’ एवढंच म्हणतात. आत्या ‘समजलं, एवढं पुरे’ म्हणून काही सांगत नाहीत. तू विचारलंस, ‘अक्का, खरं सांगा. तुम्ही कोणास बोललात का?’

मी म्हणाले, ‘नाही ग.’ श्वास घ्यावा इतक्या सहज.

तू म्हणालीस, ‘मग वैनीच. दुसरं कोण वाचणार?’ त्यावर मी गप्प राहिले. बसमधलं बोलणं हा माझा गाढवपणा होता. पण हे गप्प राहणं मी शुद्धीवर राहून, विचार करून केलं. तुझा विश्वास गेला असता, नोकरी गेली असती, गावात तोंड दाखवता आलं नसतं. त्याऐवजी वैनींवर आळ येतो तर येऊ दे, असा तो व्यवहार होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी आजवर दुसऱ्यांसाठी वापरत आले.

गेल्या पत्रात वर्तुळाची गोष्ट लिहिली. नंतर मी दुसरा कागद घेतला. ‘मी विश्वासघात केला’ हा विचार वर लिहिला आणि खाली दोन रकाने आखले. विचाराच्या बाजूचा पुरावा लिहिता लिहिता कागद भरला. विरुद्ध बाजूला ‘नाव घेतलं नव्हतं’ असं लिहिलं आणि लाजून खोडलं.

आमच्या पुस्तकात एक गोष्ट असते, ती शिकवताना मी नेहमी घाईने ओलांडते. सगळेच टोचणारे विचार खोटे नसतात. तपासून पाहिल्यावर विचार खरा निघाला, तर मनाची समजूत काढत बसायचं नाही. उठून जे करायला हवं ते करायचं. मी पंधरा वर्षं लोकांची समजूत काढते आहे, त्यामुळे हे मला जरा उशिरा सुचलं.

सोमवारी मी मणी सरांना, आमच्या क्लिनिकच्या मुख्य डॉक्टरांना, सगळं सांगितलं. सर ओरडतील अशी माझी अपेक्षा होती. ते शांतपणे तमिळमध्ये म्हणाले, ‘आता पेशंट बघू नकोस. पुढचं चौकशीत ठरेल.’ मी म्हटलं, सर, मी आत्ताच त्या वैनींकडे जाते, हरिताच्या वडिलांकडे जाते, सगळं कबूल करते. तेव्हा मात्र ते चिडले. ‘कुणाला विचारून? गुपित त्या मुलीचं आहे. एकदा तू तिला न विचारता उधळलंस. आता तुझ्या मनाला शांती मिळावी म्हणून पुन्हा उधळणार?’

म्हणून मी कुठेही गेले नाही. ठरव तू. हे पत्र वैनींना दाखवायचं असेल तर दाखव, अक्षर त्यांना वाचता येतं. मी येऊन सांगावं असं वाटलं तर येईन. येऊ नये असं वाटलं तर तुमच्या गल्लीतून जाणार नाही. माझी तक्रार करायची असेल तर मणी सर तुझं ऐकून घ्यायला तयार आहेत.

‘माफ कर’ असं मी लिहीत नाही. लिहिलं की तुझ्यावर आणखी एक काम पडेल.

नंदिता

तंजावूर,
१९ सप्टेंबर २०२४

हरिता,

हे माझं शेवटचं पत्र. रविवारचं तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतीस. तरी लिहिते, कारण माझ्या हातचं लेखी तुझ्याजवळ असावं. उद्या मी पुन्हा सारवासारव केली तर दाखवायला उपयोगी पडेल. स्वतःची एवढी ओळख आता मला झाली आहे.

तुझा निरोप आला, ‘वैनीस दाखवलं. ऐतवारीं या. अप्पांस तुम्हीच सांगा.’ मी तो दहा वेळा वाचला. तुमच्या दारात वैनी उभ्या होत्या. मी हात जोडले. त्या बाजूला होऊन हळूच म्हणाल्या, ‘दोन मास मी रोज विचार करूंलें, झोंपेंत उघडली काय मी ती वही? विसरलें काय? मजवर माझाच विश्वास उरला नव्हता.’ मी केलेल्या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटते असं कुणी विचारलं, तर या वाक्याची.

अप्पा उशांना टेकून बसले होते. मुरलीकृष्णअण्णा खिडकीशी, तू पायथ्याशी. मी उभ्याने सांगितलं. मी कोण, कुठल्या बसमध्ये, कुणाशी बोलत होते, नंतर तुला खोटं कसं सांगितलं, वैनींचा काही दोष नाही. अप्पांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द जड येतात. पण जे म्हणाले ते स्वच्छ कळलं. ‘बसांत काय बोललात, तें परत बोला.’

माझी जीभ उचलेना. बसमध्ये किती सफाईने बोलले होते! तुझ्यासमोर, त्यांच्यासमोर, मला ते वाक्य म्हणवेना. मी तुझ्याकडे पाहिलं. तू उठलीस, आतून वही आणलीस आणि म्हणालीस, ‘अक्का राहूं द्या. माझं आहे, मी वाचतें.’

तू पहिला रकाना वाचलास. ते वाक्य वाचलंस. अप्पांनी डोळे मिटले. आणि तू थांबली नाहीस, पुढचा रकाना वाचलास. त्याच पानावरचा, विरुद्ध बाजूच्या पुराव्याचा. एकोणीस जूनला तो तू मलाही वाचून दाखवला होतास.

‘सकाळीं अप्पांची दाढी करतांना त्यांनी शिकवलेलं गाणं म्हणतें. मधें एक सूर मुद्दाम चुकवतें. अप्पांचं कपाळ आखडतं. तें पाहिलं कीं मज बरं वाटतं, अप्पा अजून ऐकूंलेत म्हणून. एके दिवशीं आखडलं नाहीं तर, म्हणून भय वाटतं.’

हे मी बसमध्ये सांगितलं नव्हतं. विसरले नव्हते, हरिता. गोष्टीचा रंग उतरला असता म्हणून गाळलं. मैत्रिणीने ‘बाप रे’ म्हणावं, यासाठी पहिला रकाना पुरेसा होता. सरोजाआत्यांना मी चाळीस टक्के देऊन बसले होते. त्या बिचारीने जेवढं ऐकलं तेवढंच भावाला सांगितलं. अर्धं पान तिला मीच दिलं होतं.

मग अप्पा तुझ्याकडे बघत म्हणाले, ‘मुद्दाम चुकूंलीस, तें मज पहिल्याच दिवशीं समजलं. तूं इतकी वाईट कधीं गायली नाहींस.’

तू हसलीस की रडलीस ते मी पाहिलं नाही. कारण अप्पांनी मान माझ्याकडे वळवली होती. आवाजात राग नव्हता. रागावण्याइतकी मी त्यांची कुणी नव्हते. ‘तुम्ही आतां जावा. आम्हांस घरचं बोलायचं आहे.’

मी निघाले. थोडं कामाचं लिहिते. तुझी फाइल मणी सरांनी साईप्रियाकडे दिली आहे. ती चांगली आहे, माझ्यापेक्षा कमी बोलते. तिला मराठी येत नाही, तमिळमध्ये बोलावं लागेल. जायचं की नाही ते तू ठरव. पण माझ्यामुळे ही वाटच सोडू नकोस. पद्धत खोटी नव्हती, माणूस खोटं निघालं. माझी चौकशी पुढच्या महिन्यात आहे. तिथे मी हेच सांगणार आहे, यापेक्षा कमी नाही.

एक राहिलं. मी जिन्यात चपला घालत होते, तेव्हा आत अप्पांनी बोलायला सुरुवात केली. दार उघडंच होतं. आवाज बारीक, पण आपली भाषा, मला शब्द न् शब्द समजला असता. मी चपला हातात घेतल्या आणि तशीच भरभर खाली उतरले.

नंदिता